वर शेत, खाली कोळसा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात भूमिगत कोळसा खाणींविषयी वाचकांचे प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ या जिल्ह्यांतून आली असून काही पत्रे छिंदवाडा जिल्ह्यातील मराठी वाचकांची आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या प्रश्नांचा पाया तोच आहे.

प्रश्न : आमच्या गावाच्या शिवारात भूमिगत कोळसा खाणीचा प्रस्ताव आहे. आम्हाला सांगण्यात येते की कोळसा खोलवरून काढला जाईल, जमीन आणि सातबारा तुमच्याच नावावर राहील, बागेला कसलाही धक्का लागणार नाही. माझी बारा एकर संत्र्याची बाग आहे, दोन विहिरी आणि एक बोअर आहे. या सांगण्यावर कितपत विसंबावे?
— एक संत्रा बागायतदार, कळमेश्वर तालुका, जि. नागपूर

उत्तर : आपल्याला तीन वेगवेगळ्या गोष्टी एका दमात सांगण्यात आल्या आहेत. त्या सुट्या करून पाहिल्या पाहिजेत.

जमीन आपल्या नावावर राहील, हे कायद्याच्या दृष्टीने शक्य आहे. कोळसाधारक क्षेत्रांच्या संपादनासाठी १९५७ साली जो केंद्रीय कायदा झाला, त्यानुसार सरकारी कोळसा कंपनीसाठी जमीन पूर्णपणे संपादित न करता तिच्यातील खाणकामाचे हक्क तेवढे घेता येतात, आणि भूमिगत खाणींच्या बाबतीत अनेकदा तसेच केले जाते. खाजगी कंपनीच्या खाणीला दुसरे कायदे लागतात. पण तेथेही खाणीचे तोंड, हवा खेळवण्यासाठी खणलेले कूपक, कोळसा साठवण्याचे आवार आणि रस्ता एवढ्यांपुरतीच वरची जमीन लागते. ज्यांनी वणी, घुग्घुस किंवा उमरेडच्या खुल्या खाणी पाहिल्या आहेत, त्यांना या फरकाचे महत्त्व सांगावे लागणार नाही. खुल्या खाणीत शेत, विहीर, गाव आणि देऊळ सगळेच जाते आणि त्यांच्या जागी एकीकडे खोल खड्डा व दुसरीकडे मातीचा डोंगर उरतो. तेव्हा 'खुली की भूमिगत' एवढाच प्रश्न असेल, तर माझे मत नि:संशय भूमिगत खाणीच्या बाजूने आहे. आपल्या पत्रातला प्रश्न मात्र त्याहून अवघड आहे.

बागेला धक्का लागेल की नाही, हे कोळसा किती खोल आहे यापेक्षा तो काढल्यावर मागे राहिलेल्या पोकळीचे काय केले जाते, यावर अधिक ठरते. आपल्याकडील बहुतेक भूमिगत खाणी बोर्ड अँड पिलर पद्धतीने चालतात. पहिल्या टप्प्यात कोळशाच्या थरात उभे-आडवे बोगदे खणले जातात आणि त्यांच्या मधले चौकोनी खांब छताला आधार म्हणून तसेच ठेवले जातात. या टप्प्यात थरातील पाव ते तिसरा हिस्सा कोळसाच हाती येतो आणि वरच्या जमिनीला सहसा काही कळतही नाही. खाणीचा नफा दुसऱ्या टप्प्यात असतो. त्याला डिपिलरिंग म्हणतात, म्हणजे राखून ठेवलेले खांबही मागे हटत हटत काढून घेणे. त्यामागे उरलेल्या पोकळीला खाणीतले लोक 'गोफ' म्हणतात. ती भरली नाही, तर छत आपोआप कोसळते, त्यावरचे खडक खाली बसतात आणि कालांतराने पृष्ठभागही खचतो. काढलेला थर तीन मीटर जाडीचा असेल, तर वरची जमीन मीटर-दीड मीटर खाली बसणे हे अशा खाणीत अपेक्षितच असते. त्याला अपघात म्हणता येत नाही. लाँगवॉल पद्धतीत तर दीड-दोनशे मीटर रुंदीचा पट्टा यंत्राने सलग काढला जातो आणि मागचे छत पडू देणे हा त्या पद्धतीचाच भाग आहे.

सगळे शेत सारखे खाली बसले, तर संत्र्याच्या झाडाला फारसे कळणार नाही. खरा त्रास खचलेल्या भागाच्या कडांवर होतो. तेथे जमीन ताणली जाते, भेगा पडतात, बांध तुटतात, पाइपलाइन निखळते, उतार बदलल्यामुळे पावसाचे पाणी भलत्याच ठिकाणी साचते, आणि संत्र्याच्या मुळाशी साचलेले पाणी डिंक्याला कसे आमंत्रण देते हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. शिवाय खचलेला भाग खाली खणलेल्या पट्ट्यापेक्षा थोडा मोठा असतो, म्हणून नकाशावर आपले शेत पट्ट्याच्या सीमेबाहेर दिसले तरी निश्चिंत राहू नये.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि माझ्या मते आपल्या बागेच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. विदर्भातला कोळसा बाराकार नावाच्या खडकसमूहात सापडतो. त्याच्यावर अनेक ठिकाणी कामठी वालुकाश्म पसरलेला आहे. हे नाव नागपूरजवळच्या कामठीवरूनच पडले. कळमेश्वरच्या बाजूला त्याच्याही वर काळ्या बेसॉल्टचे थर आहेत. कामठीचा वालुकाश्म सच्छिद्र असून पाणी चांगले धरून ठेवतो. खाली कोळशात काम करायचे, तर माणसे बुडू नयेत म्हणून आत झिरपणारे पाणी रात्रंदिवस पंपाने उपसावे लागते. छत कोसळून भेगा वरपर्यंत गेल्या, तर त्या वालुकाश्मातले, आणि कधी त्याच्याही वरचे, पाणी खाणीत उतरते. पाटणसावंगी येथे वेकोलिने, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने, खाणीतले पाणी शुद्ध करून ते बाटलीबंद विकण्याचा प्रकल्प उभारला, खाणींचे पाणी वीज केंद्रांना आणि गावांनाही दिले जाते, आणि वाया जाण्यापेक्षा ते वापरले जाते हे स्वागतार्हच आहे. पण ते पाणी आले कोठून, हा प्रश्न विहीरवाल्या शेतकऱ्याने विचारलाच पाहिजे. भूगर्भात खाणीचे पाणी आणि विहिरीचे पाणी अशी वेगवेगळी खाती नसतात.

म्हणून आपण आज, खाण सुरू होण्यापूर्वीच, दोन्ही विहिरींची आणि बोअरची पाणीपातळी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर मोजून नोंदवायला सुरुवात करावी. तारीख, पातळी, पंप किती तास चालतो आणि पाण्याच्या प्रयोगशाळा-तपासणीचा अहवाल एवढी वही पुरे आहे. ग्रामपंचायतीच्या शिक्क्यासह दोन वर्षांची अशी वही ज्याच्याकडे असेल, त्याला पुढे कोणी 'तुमची विहीर पूर्वीपासूनच आटत होती' असे ऐकवू शकणार नाही.

आता उपायाविषयी. पोकळी वाळूने भरण्याची पद्धत, म्हणजे सँड स्टोइंग, भारतात फार जुनी आहे. तिच्यासाठी १९३९ सालीच स्वतंत्र कायदा झाला होता आणि १९७४च्या कोळसा संवर्धन कायद्यातही तिच्या अर्थसाहाय्याची तरतूद आहे. पाण्याबरोबर वाळू पाइपातून खाली सोडून गोफ भरला, तर जमिनीचे खचणे एकदम कमी होते, काही सेंटिमीटरांवर येते. मग सगळीकडे हे का केले जात नाही? कारण ते महाग आहे आणि त्याला वाळू लागते. वर्षाला वीस लाख टन कोळसा काढणाऱ्या खाणीत दरवर्षी सुमारे चौदा लाख घनमीटर पोकळी निर्माण होते. तेवढी वाळू कन्हान किंवा वर्धा नदीतून काढणे म्हणजे शेत वाचवण्यासाठी नदी मारणे होईल. वेकोलिने खुल्या खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांतून वाळू वेगळी करण्याचे संयंत्र नागपूर जिल्ह्यात उभारले आहे, कोराडी आणि खापरखेडा येथील वीज केंद्रांची राखही जवळच आहे. राखेतील जड धातू भूजलात उतरणार नाहीत एवढे पाहिले, तर या दोन्हींचा उपयोग करता येतो. थोडक्यात सामग्री आहे, तंत्र आहे. प्रश्न फक्त खर्च कोणी करायचा, हा आहे. आपल्याला जो कोणी 'धक्का लागणार नाही' असे सांगतो, त्याला 'डिपिलरिंग करणार का, आणि केले तर गोफ कशाने भरणार?' असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

प्रश्न : मी बत्तीस वर्षे जमिनीखाली काम केले. आमच्या भागातील भूमिगत खाणी एकेक करून बंद होत आहेत, बाजारपेठ ओस पडली आहे, मुले पुण्याला निघून गेली. पर्यावरणाचे नाव घेणाऱ्यांना खाणकामगाराच्या चुलीची आठवण का होत नाही?
— एक निवृत्त खाणकामगार, परासिया, जि. छिंदवाडा

उत्तर : आपल्या पत्रातील दु:ख खरे आहे आणि त्याला उत्तर देताना मला संकोच वाटतो. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे : आपल्या भागातील खाणी प्रामुख्याने पर्यावरणाच्या आग्रहामुळे बंद झाल्या नाहीत, त्या हिशेबात न बसल्यामुळे बंद झाल्या. १९७३ मध्ये कोळसा उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशातील बहुतांश कोळसा भूमिगत खाणींतून निघत असे. त्यानंतर मोठी यंत्रे आली, खुल्या खाणींतून कमी माणसांत अनेक पटींनी जास्त कोळसा निघू लागला, आणि २०२३-२४ मध्ये कोल इंडियाच्या सुमारे ७७४ दशलक्ष टन उत्पादनापैकी जेमतेम २६ दशलक्ष टन कोळसा भूमिगत खाणींतून आला. दरडोई पाळीमागे भूमिगत खाणीत निघणारा कोळसा खुल्या खाणीच्या मानाने इतका थोडा आहे की कंपनीच्या ताळेबंदात अशी प्रत्येक जुनी खाण तोट्याची दिसते.

मात्र त्या ताळेबंदात खुल्या खाणीमुळे गेलेले शेत, इरई आणि वर्धेच्या काठचे मातीचे ढिगारे, रस्त्यावरच्या धुळीने खोकणारी गावे यांची किंमत धरलेली नसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषणाचे मूल्यांकन केले, तेव्हा चंद्रपूर अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत चौथे आले होते. त्याला खाणींबरोबर वीज केंद्र आणि सिमेंट कारखानेही कारण आहेत. पण ही किंमत कोळशाच्या टनामागे आकारली असती, तर परासियाच्या खाणी कदाचित इतक्या महाग ठरल्या नसत्या. म्हणजे पर्यावरणाचा हिशेब नीट मांडणे हे आपल्या चुलीच्या विरोधात जात नाही, उलट तो मांडला न गेल्याचा फटका भूमिगत खाणीला आणि तिच्या कामगाराला बसला, असे माझे प्रामाणिक मत आहे.

केंद्र सरकारला आता भूमिगत खाणी पुन्हा वाढवायच्या आहेत. २०३०पर्यंत वर्षाला १०० दशलक्ष टनांचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे आणि २०२५ मध्ये लिलावातील भूमिगत खाणींसाठी कंपनीने सरकारला द्यायच्या महसुली वाट्याची किमान मर्यादा चार टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणण्यात आली. पण आपण ज्या खाणीत उतरलात ती खाण परत येणार नाही. टोपलीने कोळसा भरणाऱ्या लोडरांची जागा केव्हाच यंत्रांनी घेतली. नव्या खाणीत कंटिन्युअस मायनर हे एकच यंत्र कोळसा कापते आणि भरते. ते चालवणारी माणसे थोडी, प्रशिक्षित आणि पुष्कळदा कंत्राटदाराची असतात. 'खाण आली की गावाला नोकऱ्या' हे समीकरण आपल्या उमेदीच्या काळात खरे होते, आज ते तसेच गृहीत धरणे धोक्याचे आहे. नव्या प्रस्तावाच्या वेळी गावाने एकूण रोजगाराचा आकडा विचारू नये. कायम नोकऱ्या किती, कंत्राटी किती आणि त्यांपैकी परिसरातील मुलांना प्रशिक्षण देऊन किती भरणार, असे तीन आकडे वेगवेगळे मागावेत. जमीन दिली तर कोल इंडियाच्या २०१२च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असे प्रमाण आहे. जिथे जमीन न घेता फक्त खालचे हक्क घेतले जातात, तिथे त्या नोकरीचा आधारच राहत नाही, हेही लक्षात असू द्यावे. पहिल्या पत्रातील बागायतदाराचा सातबारा शाबूत राहतो, पण त्याचा मुलगा 'प्रकल्पग्रस्त' ठरत नाही.

जमिनीखालच्या धोक्याविषयी आपल्याला मी काय सांगावे! डिसेंबर १९५४ मध्ये आपल्याच पेंच खोऱ्यात न्यूटन चिखली येथे खाणीत पाणी शिरून ६३ जण गेले, आणि २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला येथे ३७५. खाणीचा आर्थिक फायदा मोजताना ही माणसे आणि छातीत कोळशाची धूळ साठवून निवृत्त झालेले आपले सोबती, दोन्ही त्याच वहीत लिहिले गेले पाहिजेत.

प्रश्न : भूमिगत खाणीत धूळ आणि वृक्षतोड कमी, म्हणून ती 'हरित' असे आमच्या महाविद्यालयातील एका व्याख्यानात सांगण्यात आले. हे बरोबर आहे का?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : जमिनीच्या वापराच्या बाबतीत बरोबर, हवामानाच्या बाबतीत नाही. कोळशाच्या थरात मिथेन वायू अडकलेला असतो आणि साधारणपणे खोली वाढते तसे त्याचे प्रमाण वाढते. खाणीत स्फोट होऊ नये म्हणून तो पंख्यांनी बाहेर फेकला जातो. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर मिथेनचा तापमानवाढीचा प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. आपल्याकडे टनामागे निघणाऱ्या वायूवरून खाणींचे तीन वर्ग केलेले आहेत : एक घनमीटरपेक्षा कमी, एक ते दहा, आणि दहापेक्षा अधिक. विदर्भातल्या खाणी झारखंडमधील झरियासारख्या वायूने भरलेल्या नाहीत, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब आहे. शिवाय कोळसा कोणत्याही वाटेने वर आला तरी शेवटी तो भट्टीत जळतोच, आणि धुराड्यातून निघणाऱ्या कार्बनपुढे खाणीतला फरक लहान आहे. त्यामुळे 'हरित' हा शब्द मी कोणत्याच कोळसा खाणीला लावणार नाही. खाण नवी उघडावी का, हा प्रश्न विजेची गरज आणि सौर-पवन ऊर्जेचा वेग यांच्याशी जोडूनच सोडवावा लागेल. आणि ज्या खाणीचे आयुष्य तीस वर्षे धरले आहे, तिच्या शेवटच्या दहा वर्षांत तिच्या कोळशाला गिऱ्हाईक असेल का, हे कंपनीने आजच दाखवायला हवे.

प्रश्न : आमच्या वस्तीखाली जुनी खाण आहे असे म्हातारी माणसे सांगतात. घुग्घुसची घटना घडल्यापासून पावसाळ्यात झोप लागत नाही. खाण बंद होऊन कित्येक दशके झाली. आता जबाबदार कोण?
— एक गृहिणी, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : ज्या वाचकांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या आमराई वॉर्डातील एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. त्या वस्तीखाली इंग्रजांच्या काळातील भूमिगत खाण होती, आणि त्यानंतर आसपासच्या अनेक कुटुंबांना तेथून हलवावे लागले.

भूमिगत खाणीचे हे रूप अर्थशास्त्राच्या तक्त्यात सर्वांत वाईट रीतीने मांडले जाते, किंवा मांडलेच जात नाही. कोळसा विकून आलेला पैसा वीस-तीस वर्षांत येऊन जातो. मागे ठेवलेले खांब मात्र पाण्यात भिजत, झिजत राहतात. डिपिलरिंग न करता सोडलेली उथळ खाण वरून अनेक वर्षे शांत दिसते, आणि एखाद्या पावसाळ्यात दोन खांबांमधले छत पडून पोकळी थेट पृष्ठभागापर्यंत चढते. झरियात याच्याच जोडीला आग आहे. तेथील आगींची नोंद १९१६पासूनची आहे आणि झरिया-राणीगंजच्या पुनर्वसनाचा बृहत् आराखडा मंजूर व्हायला २००९ साल उजाडले. आजोबांच्या काळातल्या कोळशाचे बिल नातवंडांच्या नावाने येते, आणि तोपर्यंत ज्याने नफा घेतला ती कंपनी अस्तित्वातही नसते.

आपल्या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर असे. राष्ट्रीयीकरणात ज्या जुन्या खाणी सरकारकडे आल्या, त्यांच्या नकाशांचा ताबाही त्याच कंपनीकडे आला, म्हणून पहिली मागणी त्या कंपनीच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे एकाच वेळी करावी : आमच्या वस्तीखालील जुन्या कामाचा नकाशा दाखवा आणि भूभौतिक सर्वेक्षण करा. अर्ज एकटीने करू नये, वॉर्डातील सर्वांच्या सह्यांनी करावा आणि एक प्रत खाण सुरक्षा महासंचालनालयाला पाठवावी. नकाशा मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात मागावा. भिंतींतील तिरप्या भेगा, अडकू लागलेली दारे, अंगणात एकाएकी पडलेला खळगा, आणि विहिरीचे पाणी अचानक उतरणे या खुणांची तारखेसह छायाचित्रे ठेवावीत. खळगा दिसला, तर तो मातीने बुजवून मोकळे होऊ नये. आधी त्या घरातून बाहेर पडावे आणि मग तहसीलदारांना कळवावे.

आज सुरू होणाऱ्या खाणींसाठी नियम पूर्वीपेक्षा बरे आहेत. खाण बंद करण्याचा आराखडा आधीच मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी दरवर्षी एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, रक्कम भरावी लागते. पण २०१३च्या मार्गदर्शक तत्त्वांत हा दर खुल्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख रुपये आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी एक लाख रुपये असा होता. नंतर या रकमा वाढल्या, तरी त्यामागील विचार पाहण्यासारखा आहे : भूमिगत खाणीने वरचे काही बिघडत नाही, म्हणून तिच्या निरवानिरवीला थोडके पुरे. आमराई वॉर्डाने तो विचार खोटा ठरवला आहे. भूमिगत खाणीसाठी वस्तीखालच्या प्रत्येक न भरलेल्या हेक्टरमागे खाण बंद झाल्यावरही अनेक दशके टिकणारा स्वतंत्र निधी असावा, असे मी या सदरातून आग्रहाने मांडतो.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीला जनसुनावणीची सूचना आली आहे. गावात दोन तट पडले आहेत. एका बाजूला खनिज निधीतून रस्ते आणि दवाखाना होईल अशी आशा, तर दुसऱ्या बाजूला पाणी जाईल ही भीती. सुनावणीत आम्ही काय मांडावे?
— एक ग्रामपंचायत सदस्या, नागपूर जिल्हा

उत्तर : जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. हात वर करून खाण मंजूर वा नामंजूर होत नाही, आणि केवळ घोषणा देऊन परतलेल्या गावाचे म्हणणे इतिवृत्तात एका ओळीत उरते. नागपूर जिल्ह्यातच गोंडखैरीच्या भूमिगत खाणपट्ट्यावर जुलै २०२३ मध्ये झालेल्या जनसुनावणीत ग्रामस्थांनी कडाडून विरोध केला होता. तो करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. आपल्या गावाने विरोध करो वा संमती देवो, जे बोलायचे ते मुद्द्यानिशी आणि लेखी द्यावे, कारण १४ सप्टेंबर २००६च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार उपस्थित झालेल्या प्रत्येक मुद्द्याला कंपनीला अंतिम अहवालात उत्तर द्यावे लागते.

सूचना आणि सुनावणी यांत किमान तीस दिवसांचा अवधी असतो. अहवालाचा सारांश मराठीतून मिळणे हा आपला हक्क आहे. तो आजच मागून घ्या आणि चावडीवर मोठ्याने वाचून दाखवा. बायकांना त्या बैठकीला आवर्जून बोलवा, कारण पाणी आटल्यावर हंडा घेऊन लांब जाणे त्यांच्याच वाट्याला येते आणि सुनावणीच्या मंडपात मात्र पुढच्या खुर्च्यांवर पुरुषच बसलेले असतात.

निधीच्या आशेविषयी थोडे आकडे देतो. कोळशावरचे स्वामित्वधन, म्हणजे खनिज काढण्याबद्दल द्यायची रॉयल्टी, किमतीच्या १४ टक्के असून ते राज्याला मिळते. आपण म्हणता तो खनिज निधी ज्याच्याकडे असतो, त्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानला त्या स्वामित्वधनाच्या दहा टक्के रक्कम वेगळी द्यावी लागते. जानेवारी २०१५पूर्वीच्या खाणपट्ट्यांसाठी हा दर तीस टक्के आहे. समजा कोळसा टनाला दोन हजार रुपये दराने विकला गेला, तर स्वामित्वधन २८० रुपये आणि नव्या खाणीतून जिल्ह्याच्या निधीत येणारी रक्कम २८ रुपये. वर्षाला वीस लाख टनांवर ती सुमारे साडेपाच कोटी होते. ही रक्कम लहान नाही, दवाखाना आणि नळयोजना तिच्यातून नक्की होऊ शकते. परंतु ती जिल्ह्याच्या खात्यात जमा होते, आपल्या गावाच्या नाही, आणि ती खाणबाधित गावांवर खर्च व्हावी यासाठी दरवर्षी पाठपुरावा करणारे कोणीतरी गावात लागते. शेजारच्या बाधित गावांना गेल्या पाच वर्षांत या निधीतून प्रत्यक्ष काय मिळाले, हे तिथे जाऊन स्वत: पाहून या. दोन्ही तटांतील माणसे एकाच गाडीतून गेली तर अधिक बरे.

सुनावणीत मांडायचे मुद्दे पुढील प्रश्नांभोवती ठेवावेत. डिपिलरिंग होणार आहे का, आणि कोणत्या शेतांखाली? गोफ कशाने भरणार, ती सामग्री कोठून येणार? गावठाण, शाळा, तलाव आणि नाला यांच्याखाली कोळसा कायमचा राखून ठेवणार का? कंपनीने किती विहिरींची पातळी मोजली, कोणत्या महिन्यांत मोजली आणि आमच्या गावातल्या किती? पावसाळ्यानंतरची एकच मोजणी असेल, तर तिच्यावर आक्षेप नोंदवा, कारण खरी कसोटी मे महिन्यात असते. विहीर आटली तर दोष सिद्ध करण्याचे ओझे शेतकऱ्यावर न टाकता ठरावीक अंतरातील प्रत्येक विहिरीला पर्यायी पाणी आणि पिकाची भरपाई किती दिवसांत मिळेल? खाणीचे पाणी नाल्यात सोडण्याआधी काय प्रक्रिया होणार, कोळशाचे ट्रक कोणत्या रस्त्याने जाणार आणि शाळेच्या वेळेत ते थांबणार का?

माझे मत आपण विचारलेले नाही, तरी गावात दोन तट पडले आहेत म्हणून सांगतो. पोकळी भरण्याची आणि पाण्याच्या भरपाईची अट पर्यावरण मंजुरीच्या पत्रात शब्दश: येणार असेल, गावठाण आणि जलसाठ्यांखालचा कोळसा राखला जाणार असेल, तर भूमिगत खाणीचा विचार करायला हरकत नाही. या अटी 'शक्य तेथे' आणि 'आवश्यकतेनुसार' अशा शब्दांत येत असतील, तर मी त्या गावचा रहिवासी म्हणून नकार नोंदवला असता, कारण संत्र्याची बाग उभी करायला सहा-सात वर्षे जातात आणि पाणी एकदा खाली उतरले की ती एका उन्हाळ्यात वाळते.

सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त तेथेच मराठीतून वाचून दाखवले जाणे बंधनकारक आहे. ते वाचून होईपर्यंत कोणीही मंडप सोडू नये, आपले मुद्दे आले आहेत का ते तपासावे, न आलेले तेथल्या तेथे लिहून घ्यायला लावावेत, आणि दिलेल्या प्रत्येक लेखी निवेदनाच्या प्रतीवर पोच घेऊनच घरी जावे.